रंजनाची दुपार

जठारपेठेच्या चौकात चार दिवसांपूर्वी संध्याकाळी एक बाई गजरे घेऊन बसलेली दिसली. ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या माळा, शेजारी पाण्याची बाटली, आणि मधूनमधून त्या माळांवर बोटांनी शिडकावा. म्हणजे उन्हाळा आला. अकोल्यात उन्हाळा आल्याचं कळायला मोगरा लागत नाही, दाराच्या कडीला हात लावला तरी कळतं. पण मला तो मोगऱ्यानंच कळतो. या वासानं कुणाला स्वतःचं लग्न आठवतं, कुणाला आईचा अंबाडा. मला माझी धाकटी जाऊ आठवते आणि पोटात दुखायला लागतं.

मोगऱ्यावर लिहायचं तर काहीतरी नाजूक लिहावं अशी रीत आहे. माझ्याकडे नाजूक काही नाही. आहे तो हेवा आहे, पाच उन्हाळे मुरलेला. त्या चौकात मी दोन गजरे घेतले, एक मला आणि एक मुलीला, आणि घरी पोचेपर्यंत रंजनावर जळत राहिले.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम अकोल्यातून करते. लोकांच्या मोबाइलमध्ये जी अ‍ॅप असतात, ती बाहेर पडण्याआधी नीट चालतात की नाही ते तपासायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. स्वभावाला साजेसं काम मिळणारी माणसं थोडी असतात, त्यातली मी एक. आधी बरीच वर्षं आम्ही पुण्यातच होतो. मग कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, नवऱ्यानं बदली मागून घेतली आणि आम्ही माझ्या माहेरच्या गावी, अकोल्याला, राहायला आलो. सगळे म्हणाले, काय नशीब काढलंय, घरात बसून पुण्याची नोकरी.

घरात बसून काम करणाऱ्या बाईचा दिवस नेमका कधी सुरू होतो, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोळे उघडायच्या आधी हात मोबाइलकडे जायचा. लोणच्याच्या बरणीशेजारी लॅपटॉप, लॅपटॉपशेजारी सकाळचा गार झालेला चहा. आंघोळ दुपारी एकला, तीही दोन मीटिंगांच्या मध्ये, केस न पुसता. पोळीचा घास ओट्याशी उभ्यानं. स्क्रीनवर माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. जरा वेळ हात लावला नाही की तो पिवळा होतो, आणि मग पुण्याला वाटतं बाई झोपली. मी एका हातानं कढी ढवळत दुसऱ्या हातानं माउस हलवायची. संध्याकाळ झालेली मला कळायची नाही. सानू, माझी मुलगी, दिवा लावायची आणि म्हणायची, "आई, अंधार झाला."

सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घरून काम करणाऱ्यांनी दिवस कसा आखावा यावर जगात भरपूर सल्ला आहे, तो सगळा मी वाचला, अर्थात कामाच्या वेळेत. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. सहाला चालणं, सातला योगासनं, एकला जेवण, सहाला लॅपटॉप बंद. दोन दिवसांनी पाहिलं तर खाली स्केचपेननं एक ओळ वाढली होती: आईशी बोलणे, ९ ते ९.१०. सानू तेव्हा नऊ वर्षांची होती. मला हसू आलं, आणि तो कागद मी शेजारणीलाही दाखवला. त्या दिवशी रात्री नऊला माझी मीटिंग लागली.

त्या एप्रिलमध्ये नवऱ्याला खात्याच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला जावं लागलं. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅबला लागून. संध्याकाळी नळाला हात लावावा तर पाणी चटका द्यायचं. शाळेला सुट्टी लागली होती, माझं काम काय कुठूनही होतं, म्हणून मी सानूला आणि लॅपटॉपला घेऊन अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेजवळच्या सासरच्या गावी गेले. सासरी फुलशेती आहे. दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती आणि उन्हाळ्यात मोगरा. सासूबाई, धाकटे दीर आणि त्यांची बायको रंजना मिळून ती सांभाळतात. रंजनाचा मुलगा सुट्टीत मामाकडे गेला होता. खिडकीजवळ नेटवर्क येतं म्हणून मला कोपऱ्यातली खोली दिली, माझ्यासाठी गावातून कूलर आणला, आणि दारावर सासूबाईंनी नातवंडांना ताकीद दिल्यासारखं सगळ्यांना सांगितलं, "सुनबाईचं ऑफिस हाय, कोनी आवाज करू नोका."

रंजना माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बारावीपर्यंत शिकलेली, पायात वारा, बोलणं सरळ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला ताई म्हणते आणि मी तिला ओळखते असं मला वाटायचं. पण ओळख सणावाराची होती. तिचा साधा दिवस मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिला.

पहाटे चारला ती उठायची. अलार्म नाही, कुणाची हाक नाही. चूळ भरून, कमरेला कापडाची ओटी बांधून ती आणि सासूबाई मळ्यात जायच्या. उजाडायच्या आत कळ्यांचा तोडा संपवायचा, कारण ऊन लागलं की कळी उमलते आणि उमललेल्या कळीचा गजरा होत नाही. सातच्या आत टोपल्या भरून दीर मोटरसायकलवर अमरावतीच्या बाजाराकडे. मग अंगण, मग भाकरी. अकराला ती जेवायला बसायची ती भूक लागलेली म्हणून बसायची. हे मी पाहत राहायची. मला जेवायची वेळ व्हायची, भूक लागत नसे.

एकदा मी तिला विचारलं, "रंजना, तुला अलार्म लागत नाही का गं?"

"अलार्म कायले ताई? कळ्या का माह्यासाठी थांबून राहातेत?" ती म्हणाली. "नाही उठली तं फुटून जातीन."

आणि मग तिची दुपार. एक वाजता ती मधल्या खोलीच्या दारावर ओलं पोतं टांगायची, फरशीवर पाणी मारायची, चटई टाकायची आणि आडवी व्हायची. मातीच्या जाड भिंती, बाहेर ऊन मी म्हणत असलेलं, आणि रंजना झोपलेली. कूस बदलणं नाही, मोबाइल पाहणं नाही. डोकं टेकलं की झोप. साडेतीनला आपोआप जाग यायची, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख. मी माझ्या दोन मीटिंगांच्या मध्ये पाण्याचा पेला घेऊन त्या पोत्याच्या फटीतून पाहत उभी राहायची. दुसऱ्याच्या पैशाचा, रूपाचा, नवऱ्याचा हेवा वाटतो असं ऐकलं होतं. मी एका बाईच्या घोरण्यावर जळत होते.

संध्याकाळी झाडांना पाणी देऊन झालं की ती आंघोळ करायची, वेणी घालायची, उरलेल्या कळ्यांचा गजरा माळायची आणि ओट्यावर नुसती बसायची. हातात काही नाही. तिचं काम संपलेलं असायचं. संपलेलं काम म्हणजे काय असतं हे मी विसरले होते. माझं काम उजाडत नाही आणि मावळतही नाही. पुण्यातला कुणीतरी जागा असतो, त्याच्यानंतर दुसऱ्या देशातला कुणीतरी जागा होतो, आणि माझ्या नावापुढचा ठिपका हिरवाच असतो.

तिला मात्र माझंच बरं वाटायचं. "तुमचं झकास हाय बाप्पा," ती माझ्या खोलीत डोकावून म्हणायची. "कूलरमंदी बसाचं अन् बोटं हालवाची." ती मनापासून म्हणायची, टोमणा नसायचा. टोमणा असता तर मी परत मारला असता.

पहिले आठ दिवस सानू कुरकुरली. मोबाइल दे, कंटाळा आला, घरी जाऊ. मग एका पहाटे ती काकूच्या मागोमाग मळ्यात गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन. रंजनानं जुन्या ब्लाउजपीसची एक लहानशी ओटी तिला शिवून दिली. सानू आपणहून चारला उठू लागली. मी जिला शाळेसाठी तीनदा हलवून उठवायची ती मुलगी! दुपारी काकूशेजारी चटईवर झोपायची, रात्री आठला जेवता जेवता डोळे मिटायची, आणि भाकरी तर अशी खायची की सासूबाई तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या. बोलणंही बदललं. "काकू, मले भूक लागून राहिली," असं ती ओरडत यायची. हे बोलणं माझं होतं. पुण्यात लोक हसायचे म्हणून मी ते तोंडातून काढून टाकलं होतं, आणि मुलीला ते द्यायचं राहून गेलं. ते तिला रंजनानं दिलं.

खरी ठिणगी पडली ती एका दुपारी. मी मीटिंगमध्ये होते, आवाज बंद करून. भिंतीपलीकडे चटईवर झोप लागायच्या आधी दोघींचं बोलणं चाललं होतं. सानू सांगत होती की शाळेत तिची मैत्रीण आता तिच्याशेजारी बसत नाही, डबाही दुसऱ्याच मुलीबरोबर खाते, आणि सानू मधल्या सुट्टीत एकटीच पाण्याच्या टाकीजवळ उभी राहते. कधीपासून, रंजनानं विचारलं. दिवाळीपासून, सानू म्हणाली. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत माझी मुलगी रोज एकटी उभी राहत होती, आणि मी त्याच घरात होते, चोवीस तास, बाहेर नोकरीलासुद्धा न जाता. मीटिंगमध्ये कुणीतरी मला काहीतरी विचारलं. मी म्हणाले, आवाज तुटतोय.

त्या दिवसापासून मला रंजनाचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं मोठं वाटायला लागलं, तिच्या हातची आमटी तिखट लागायला लागली. आणि एका पहाटे मीही चारला उठले. मुलगी तिच्या मागे जाते तर मीही जाईन, असा साधा हिशेब. मळ्यात अजून काळोख होता. त्या दोघी आणि सासूबाई चाचपडत कळ्या तोडत होत्या. मी म्हटलं, एवढं शिकलेली बाई मी, चाचपडू कशाला? मोबाइलचा दिवा लावला आणि भराभर तोडायला लागले. मोगऱ्याच्या तीन ओळी मी रंजनाच्या आधी संपवल्या. फार वर्षांनी मला काहीतरी वेळेत पूर्ण केल्यासारखं वाटलं.

उजाडल्यावर माझी ओटी टोपलीत रिकामी केली तर निम्म्या कळ्या हिरवट. मोबाइलच्या उजेडात मोगऱ्याच्या सगळ्याच कळ्या पांढऱ्या दिसतात हे मला माहीत नव्हतं. पिकलेली कळी बोटाला कळते. कच्ची तोडली की ती गजऱ्यात उमलत नाही आणि झाडावरही राहत नाही.

"अवं माय! उद्याचा तोडा आजच करून टाकला की हो!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"राहू द्या आत्याबाई, त्याईले काय ठावं," रंजना म्हणाली आणि हिरव्या कळ्या गुपचूप बाजूला काढायला लागली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. माफ केल्याचा राग वेगळाच येतो.

सानूनं माझा अंगठा धरून एका कळीवर टेकवला. "आई, डोळ्यानं नाही पाहाचं. असं पाहाचं. कच्ची टणक लागते." माझी मुलगी मला शिकवत होती आणि ते तिला दुसऱ्या बाईनं शिकवलं होतं. मी हात काढून घेतला आणि साडेनऊच्या मीटिंगची तयारी करायची आहे असं सांगून घरी आले.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला बसले. त्या संध्याकाळी सानू हातपाय धुऊन माझ्या खोलीत आली, तेव्हा तिचे केस पुसता पुसता मी म्हणाले, "उद्यापासून पहाटे जाऊ नकोस. काकू म्हणत होती, तुझ्याकडे लक्ष द्यावं लागतं आणि तोडा उशिरा संपतो."

"माझ्यामुळे?"

"हो. तुला ती बोलून दाखवणार नाही. मला म्हणाली."

चुका शोधायचा माझा धंदा. पण हे खोटं इतकं बेमालूम होतं की त्यात मलाही चूक सापडली नसती. रंजना तिला काही विचारणार नाही, कारण तिला काही माहीत नाही. सानू रंजनाला काही विचारणार नाही, कारण तिला लाज वाटेल. मी टॉवेल दोरीवर टाकला आणि कामाला बसले.

दुसऱ्या पहाटे दाराबाहेर रंजनाचा दबका आवाज आला. "सानू, ए सानू, चाल ना. उठली नाही का?" सानू जागी होती. मला तिचा श्वास कळत होता. तिनं चादर डोक्यावरून घेतली आणि झोपेचं सोंग केलं. मीही केलं. बाहेर रंजना जरा वेळ थांबली असावी. मग तिची पावलं मळ्याकडे गेली.

चार दिवस गेले. सानू आता नऊला उठायची. उठल्याबरोबर मोबाइल मागायची आणि मी द्यायची, कारण मीटिंग असायची. तिला भूक लागेना. दुपारी माझ्या खोलीत जमिनीवर लोळायची, झोपायची नाही. रात्री बारापर्यंत टक्क. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, मुलगी दिवसभर माझ्याजवळ होती. ती काही सांगायला तोंड उघडायची आणि मी हात वर करून तिला थांबवायची. थांबून थांबून ती सांगायचंच सोडायची. चार दिवसांत माझी मुलगी अगदी माझ्यासारखी झाली.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला माझ्या दारात रंजना उभी. दुपारी दोनला! मी मीटिंगमध्ये होते. तिचे केस सुटलेले, डोळे लाल, चेहरा ओढलेला. मी आवाज बंद केला.

"ताई, येऊ का जरा?" ती आत येऊन जमिनीवर बसली. सानू सासूबाईंबरोबर शेजारी गेली होती. "पोट्टी माह्यावर रागावली का वो? जवळच येऊन नाही राहिली. हाक मारली तं तोंड फिरवते."

मी नजर स्क्रीनवर ठेवली.

"त्या दिशी तिच्या हातून टोपली पडली, तवा मी हासली. तेच लागलं असन का तिले? का मी लवकर उठवतो म्हनून? चार दिस झाले ताई, दुपारचा डोळा लागून नाही राहिला. नुसती पडून राहातो अन् आठवतो, मी बोलली तं काय बोलली."

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. तिलाही झोप लागत नाही, तिचीही दुपार माझ्या दुपारसारखी झाली, हे ऐकून कुठंतरी आत थंड वाटलं. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. जे काम मी पगार घेऊन करते ते ही बाई चार दिवस फुकट करत होती. स्वतःच्या वागण्यातली चूक शोधत होती, आणि ती तिथं नव्हतीच.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "मीच तिला सांगितलं. तुझ्यामुळे उशीर होतो असं काकू म्हणाली, असं सांगितलं."

रंजनाला ते समजायला वेळ लागला. "मी कधी म्हनलं?"

"तू नाही म्हणालीस. मी बनवून सांगितलं."

"काहून?"

"मला हेवा वाटतो तुझा."

तिनं कूलरकडे पाहिलं, लॅपटॉपवरच्या चौकोनातल्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माहा?" ती म्हणाली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"हेवा वाटला तं मले चार शिव्या द्या लागत होत्या," ती म्हणाली. "लेकराले कायले मधात घेतलं?"

ती उठली, पदर खोचला आणि दारात थांबली. "आता तुमीच सांगा तिले. मी सांगतलं तं तिले तुमचा राग येईन अन् तसाच राहीन. तुमी सांगतलं तरी येईनच. पन मंग तो जाईन."

लॅपटॉपमधून कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी झाकण मिटलं. कामाच्या भर दुपारी मी ते पहिल्यांदा मिटलं होतं, आणि पुण्यात काही कोसळलं नाही.

सानू परत आली तेव्हा मी तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. न रडता, न सजवता. मला वाटलं ती रडेल. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"म्हणजे काकू तसं म्हणालीच नव्हती?"

"नाही."

"मग मी चार दिवस उगीचच झोपून राहिले?"

"हो."

ती उठली, माझ्याकडे न पाहता मधल्या खोलीत गेली. ओल्या पोत्याच्या आडून आधी रंजनाचा आवाज आला, मग सानूचा, मग दोघींचा मिळून, आणि मग काहीच नाही. मी फटीतून पाहिलं. झोपल्या होत्या दोघी, एकमेकींकडे तोंड करून. कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मी तिथं उभी राहून आधीपेक्षा जास्त जळले. सानू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात जाताना तिनं मला विचारलं, टॉर्च कुठं ठेवलीय, आणि ते बोलणं म्हणून मी धरून चालले.

अकोल्याला परतल्यावर मी वेळापत्रक फाडलं. आता मी आंघोळ केल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन उतरलं की झाकण मिटते, मग पुण्याला काय वाटायचं ते वाटो. सुरुवातीला कंपनीत कुरबूर झाली, मग लोकांना सवय झाली. झाकण मिटलं की खाली उतरून हातगाडीवरची भाजी घेते, चढून येते आणि सानूला विचारते, बोल. पुष्कळदा ती म्हणते, काही नाही. कधीकधी बोलते. जेवण झाल्यावर मी वीस मिनिटं जमिनीवर आडवीही होते. झोप येत नाही, कूलरचा आवाज ऐकत पडते. रंजनाच्या दिवसाला कळ्या ओढून नेतात, माझा दिवस मला ढकलावा लागतो. हा फरक काही केल्या जात नाही, आणि माझा हेवाही जात नाही.

सानू आता चौदा वर्षांची आहे. दर सुट्टीत ती काकूकडे जाते. मी पाठवते. रंजना दरवर्षी फोन करते, "ताई, तुमी बी येजा ना. तुमची खोली तशीच हाय." दरवर्षी मी काहीतरी कारण सांगते. यंदा काल सकाळी सानूला अकोला स्टेशनवर गाडीत बसवलं, पहिल्यांदाच एकटीला. चांदूर रेल्वेला काका येणार होते. चार दिवसांपूर्वीचा गजरा अजून तिच्या वेणीत होता, तपकिरी झालेला. मी म्हटलं, काढून टाक ना आता. ती नाही म्हणाली.

खिडकीतून ती म्हणाली, "आई, तू पण चल ना. तुझं काम तर कुठूनही होतं."

"यंदा सुट्टी नाही गं मिळत," मी म्हणाले.

"मला खोटं नको सांगू," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. मुलीनं आपलं खोटं ओळखावं यासारखी शरम नाही, आणि माझं तर तिनं आधी एकदा भोगलेलं.

म्हणून खरं सांगितलं. "मला अजून काकूचा हेवा वाटतो. तिथं आले की माझ्या हातून पुन्हा काहीतरी होईल, याची मला भीती वाटते."

"मले माहीत हाय," सानू म्हणाली. "काकूलेही माहीत हाय. तिनं निरोप दिलाय तुला. जळाचंच हाय तं इथं येऊन जळा म्हना."

गाडी हलली. सानू खिडकीतून हसत होती. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहिले, आणि शेजारच्या चहावाल्यानं विचारलं तेव्हा कळलं की मीही मोठ्यानं हसत होते.

घरी येऊन कपाटावरची बॅग काढली, पुन्हा वर ठेवली, पुन्हा काढली. कंपनीला कळवलं की मी आठ दिवस नाही. लॅपटॉप इथंच राहणार आहे. रंजनाला अजून सांगितलेलं नाही. उद्याच्या गाडीनं निघाले तर भर दुपारी दोनच्या सुमाराला घराशी पोचेन, आणि तेव्हा त्या दोघी ओल्या पोत्याआड झोपलेल्या असतील. दार वाजवायचं नाही, साडेतीनपर्यंत ओट्यावर बसून राहायचं, एवढं मी ठरवलं आहे.